माळवदाच्या सागवानातून अंगणातला लाकडी ओटा आणि बाके : कामाच्या नोंदी

१० फेब्रुवारी २०२४

परभणी जिल्ह्यातील आमच्या गावच्या घराचे माळवद, म्हणजे लाकडी सांगाड्यावर माती घालून केलेले सपाट छत, या हिवाळ्यात उतरवावे लागले. मागची भिंत फुगली होती आणि वरच्या पांढऱ्या मातीचे ओझे ती आणखी एक पावसाळा पेलेल अशी खात्री राहिली नव्हती. निघालेले सागवान विकून टाकण्याऐवजी त्यातून ओसरीपुढे बारा फूट बाय दहा फुटांचा लाकडी ओटा, दोन बाके आणि एक मेज करायचे ठरले आहे. आपल्या भागात गावोगावी अशी माळवदे उतरत आहेत आणि दोन-तीन पिढ्यांनी सांभाळलेले लाकूड मिळेल त्या भावाने जात आहे. ते उघड्यावर, उन्हापावसात वापरायचे असेल तर काय करावे लागते, हे ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी या नोंदी ठेवत आहे.

आज मोजमाप केले. लाकडाचा भाव घनफुटावर ठरतो, म्हणून रुंदी आणि जाडी इंचांत, लांबी फुटांत घेऊन तिघांचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे. आठ इंच बाय आठ इंचांचा नऊ फुटी सर (छताची मुख्य तुळई) या हिशेबाने चार घनफूट भरतो. सर, त्यांवरच्या आडव्या कड्या, खांब आणि फळ्या मिळून सुमारे ४२ घनफूट लाकूड निघाले आहे.

प्रत्येक नगाला पटाशीची (सुताराच्या धारदार छिन्नीची) टोके मारून पाहिली. खांबांचे बूड घट्ट निघाले, पटाशी आत शिरेना. सरांची आणि कड्यांची भिंतीत गाडलेली टोके मात्र हाताने कुस्करता येतील इतकी गेली होती. लाकूड एकच, वय एकच. फरक इतकाच की खांब दगडी तळखड्यावर उभे होते आणि त्यांच्या बुडाशी ओल साचत नव्हती, तर कड्यांची टोके ओल धरणाऱ्या मातीच्या भिंतीत कोंडलेली होती. नव्या ओट्याचा सगळा आराखडा या एका निरीक्षणावर बेतायचा असे सुतारमामांशी बोलून ठरवले. लाकूड कुठेही मातीला टेकणार नाही आणि पाणी कुठेही थांबणार नाही, या दोन अटी पक्क्या झाल्या.

कुजलेली टोके आणि कडेचे पांढरे, कीड लागलेले लाकूड कापून टाकल्यावर एक तृतीयांश माल वजा होईल असा अंदाज आहे. सागवानाची कीर्ती खरी आहे, पण ती त्याच्या गाभ्याची आहे. सालीलगतच्या पांढऱ्या भागात वाळवी आणि भुंगा दोन्ही शिरतात, आणि तो भाग सागाचा आहे म्हणून ठेवून देणे म्हणजे उरलेल्या लाकडाशेजारी कीड वसवणे होय.

२५ फेब्रुवारी

माल कमी पडला तर काय घ्यायचे याची चौकशी करण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या वखारींत फिरलो. बल्लारशाहचा साग उत्तम आहे, पण त्याचा भाव ओट्यासाठी परवडणारा नाही. घाना आणि इतर देशांतून येणारा लागवडीचा साग स्वस्त मिळतो; मात्र त्यातल्या बऱ्याच नगांत झाड लहानपणी तोडल्यामुळे पांढऱ्या लाकडाचे पट्टे रुंद दिसले, आणि उघड्यावर नेमका तोच भाग आधी जातो. एका ठिकाणी दक्षिण अमेरिकेतले इपे नावाचे लाकूड दाखवले. ते घनमीटरला हजार किलोच्या वर भरते, म्हणजे पाण्यात बुडते. साग त्या मानाने साडेसहाशे किलोच्या आसपास असतो. इपे टिकाऊ आहे यात शंका नाही, परंतु वन्य प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला असून ती तरतूद २५ नोव्हेंबर २०२४ पासून लागू होणार आहे. ज्या झाडाच्या तोडीवर जगाला लक्ष ठेवावे लागत आहे ते घरात सागवान पडून असताना अंगणात अंथरण्याचे मला कारण दिसत नाही.

बाकांच्या पायांसाठी बांधावर पडलेल्या जुन्या बाभळीचा लालसर गाभा वापरायचा आहे. बाभूळ सागाहून जड आणि चिवट असते, म्हणूनच बैलगाडीच्या कामात तिला मान होता. जुने सुतार हे लाकूड कापल्यावर काही महिने पाण्यात बुडवून ठेवत. त्यामुळे लाकडातले पिष्ट निघून जाते आणि भुंग्याला खायला उरत नाही. आमच्या ओंडक्याला ते संस्कार झालेले नाहीत, म्हणून त्याचा पांढरा भाग एक सूतही ठेवायचा नाही असे ठरवले.

१७ मार्च

फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चचा हा अर्धा भाग खिळे काढण्यात गेला. जुने घडीव खिळे डोके तुटून आत राहतात आणि वरून दिसत नाहीत. सॉ-मिलवाल्याने खिळा निघाल्यास पात्याचे पैसे वेगळे लागतील असे आधीच बजावले होते, म्हणून पाच-सहाशे रुपयांना मिळणारा हातातला छोटा धातुशोधक घेतला आणि प्रत्येक नगाच्या चारही बाजूंवरून फिरवला. तरीही एका सरात खोलवर गेलेला खिळा सुटला आणि रंध्याच्या मशीनची पाती दातरी झाली. शोधक वरचे इंच-दीड इंच चांगले पाहतो, त्याखाली त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून सर चिरल्यानंतर निघालेल्या फळ्यांवरून तो पुन्हा फिरवावा. तसे केल्यापासून एकही खिळा रंध्यापर्यंत पोहोचला नाही.

खिळे नसले तरी पाती लवकर बोथट होतात, कारण सागाच्या लाकडात नैसर्गिक सिलिका असते. धार लावायचा खर्च आणि वेळ हिशेबात धरून ठेवावा. सव्वा इंचाच्या फळ्या चिरून घेतल्या, त्या रंधल्यावर एक इंच राहिल्या. आतला रंग सोनेरी निघाला आणि सगळ्या अंगणात सागाचा वास पसरला. इतक्या वर्षांनंतरही लाकडातले तेल शाबूत आहे याचा याहून चांगला पुरावा कोणता असेल!

चिरणे, रंधणे आणि धार मिळून ९,५०० रुपये लागले.

९ एप्रिल, गुढीपाडवा

पायाच्या कामाला आज मुहूर्त केला. या कामात सर्वांत जास्त विचार करण्याजोगी गोष्ट लाकूड नसून खालची माती आहे, हे मराठवाड्यात ओटा करणाऱ्याने आधी ध्यानात घ्यावे. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर नुसते दगड किंवा सिमेंटचे ठोकळे ठेवून ओटा उभा केला तर प्रत्येक ठोकळा आपापल्या परीने वरखाली होतो, सांगाडा पिळला जातो आणि स्क्रू उपटून येतात. म्हणून मुरूम लागेपर्यंत खणणे हाच मार्ग आहे. आमच्याकडे साडेचार फुटांवर मुरूम लागला. नऊ खड्डे घेऊन त्यांत काँक्रीटचे नऊ इंची खांब जमिनीच्या वर सात इंचांपर्यंत आणले. खांबाच्या कडेने काळी माती परत न भरता मुरूम भरला, कारण फुगलेली माती खांबाला धरून वर उचलते.

प्रत्येक काँक्रीट खांबाच्या माथ्यावर जुन्या घराच्याच शहाबादी फरशीचा तुकडा आणि त्यावर जाड रबराची चकती ठेवली. काँक्रीट पाणी शोषून वर चढवते. त्यावर थेट लाकूड टेकवले तर मातीत पुरल्यासारखेच होते. जमीन आणि लाकूड यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवण्याचा दुसरा उपयोग असा की वाळवीला वर चढायचे झाल्यास उघड्या खांबावरून मातीचे बोगदे बांधावे लागतात आणि ते खाली वाकून पाहिले की दिसतात. शेजारीच पिण्याच्या पाण्याचा आड असल्यामुळे जमिनीत कीटकनाशक ओतण्याचा पर्याय मी विचारात घेतला नाही.

पायाचा खर्च मजुरीसह १४,००० रुपये झाला.

२८ एप्रिल

सांगाडा बसला. खालच्या तुळया चार इंच बाय चार इंचांच्या, त्यांवर दोन बाय चारच्या कड्या सोळा इंचांच्या अंतराने. घरापासून अंगणाकडे दहा फुटांत एक इंच उतार दिला आहे. सुतारमामांचे आयुष्य दारे-खिडक्या करण्यात गेले असल्यामुळे मुद्दाम उतार देणे त्यांना रुचत नव्हते, पण तळखड्यांचे उदाहरण त्यांनीच मान्य केले होते, त्यामुळे पुढे वाद झाला नाही.

कड्यांच्या वरच्या कडेवर डांबरी पट्टी चिकटवली. फळीतून येणारा स्क्रू कडीत जिथे शिरतो तिथून पाणी आत झिरपते, आणि ओटे बहुधा फळ्या कुजून नव्हे तर खालच्या कड्या कुजून निकामी होतात. सगळ्या कापलेल्या टोकांना मेण वितळवून लावले. लाकूड टोकांकडून सर्वांत वेगाने ओल घेते आणि सोडते, त्यामुळे चिरा नेहमी टोकांपासून सुरू होतात.

१२ मे

पारा ४२ अंशांच्या घरात आहे. सकाळी साडेदहापर्यंत आणि पुन्हा पाचनंतरच काम होते.

फळ्यांमधली फट किती ठेवायची यावर या नोंदीत सविस्तर लिहितो. लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे रुंदीत वाढते आणि घटते, लांबीत जवळजवळ नाही. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या कोरड्या हवेत लाकडातली ओल चार-पाच टक्क्यांवर येते आणि भर पावसाळ्यात ती पंधरा-सोळा टक्क्यांपर्यंत जाते. चार इंची सागाची फळी तेवढ्यात सुमारे दोन मिलिमीटर रुंदावते. म्हणजे मे महिन्यात फळ्या बसवणाऱ्याने फट मोठी ठेवायला हवी आणि ऑगस्टमध्ये बसवणाऱ्याने लहान. कुठल्याही ऋतूला चालेल असे एकच माप सांगणारा सल्ला मराठवाड्याच्या हवेत उपयोगाचा नाही. आम्ही सहा मिलिमीटर ठरवले. ओसरीलगतच्या पहिल्या काही फळ्या त्याआधीच तीन मिलिमीटरवर बसल्या होत्या. त्या उखडायच्या नाहीत, दोन्हींत काय फरक पडतो ते पाहू, असा निर्णय घेतला.

त्याच फळ्यांना बाजारात सहज मिळणारे पिवळसर मुलाम्याचे लोखंडी स्क्रू लागले आहेत. पुढच्या सगळ्या फळ्यांना ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे अडीच इंची स्क्रू वापरले. ते परभणीहून मागवावे लागले आणि चार दिवस काम थांबले. स्क्रूंना ४,२०० रुपये पडले. आधी बारीक छिद्र पाडल्याशिवाय सुकलेल्या सागात स्क्रू मारू नये, कारण टोकाजवळ फळी फाटते आणि स्टेनलेस स्टील मऊ असल्यामुळे स्क्रूचे डोकेही तुटते.

१९ मे

तेल आणि लेप यांची चाचणी सुरू केली. ओट्याचा एक पट्टा कोरा ठेवला, एकावर कच्चे जवसाचे तेल, एकावर रंगाच्या दुकानातले उकळलेले अळशीचे, म्हणजे जवसाचेच, तेल टर्पेंटाइनमध्ये निम्मे पातळ करून, तर एका बाकाच्या पाटीवर चकचकीत पॉलियुरेथेनचा (प्लास्टिकसारखी कातडी धरणाऱ्या वॉर्निशचा) थर दिला. बाभळीच्या पायांच्या बुडाला बिब्ब्याचे तेल लावले. गाडीच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून ते लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे, परंतु बिब्बा अंगावर उततो आणि त्याचे फोड दीर्घकाळ त्रास देतात, म्हणून रबरी हातमोजे, पूर्ण बाह्या आणि लांब दांड्याचा ब्रश यांशिवाय त्याला हात घालू नये. माणसांचे अंग जिथे टेकते अशा कोणत्याही भागावर तो लावूच नये.

एक गोष्ट ठळकपणे लिहून ठेवतो. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा संध्याकाळी गोठ्याच्या भिंतीशी राहिला होता. तासाभरात तो हाताला चटका बसेल इतका तापला आणि त्यातून धूर येऊ लागला. पलीकडे कडब्याची गंज होती. हे तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. बोळा केलेल्या चिंधीत ती उष्णता अडकते आणि ठिणगीशिवाय पेट घेते. चिंध्या काम संपताच तारेवर एकेरी वाळत घालाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवाव्यात, आणि गंजीच्या, सरकीच्या पोत्यांच्या जवळ तर मुळीच ठेवू नयेत.

२३ जून

पहिले चांगले पाऊस झाले. लोखंडी स्क्रूंभोवती निळसर काळे डाग उमटले आणि ते फळीच्या रेषेने पुढे सरकले आहेत. लाकडातल्या टॅनिनचा लोखंडाशी संयोग झाला की असा रंग होतो. मुलामा स्क्रू मारतानाच खरवडला जातो, त्यामुळे त्याच्यावर विसंबता येत नाही. स्टेनलेस स्टीलच्या फळ्यांवर एकही डाग नाही.

३ सप्टेंबर

पोळ्याच्या आदल्या दिवसापासून परभणी, हिंगोली, नांदेड या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. शेतांचे जे झाले त्यापुढे ओट्याची नोंद करताना मन संकोचते, पण याच पावसात कामाची परीक्षा झाली म्हणून लिहितो.

सांगाडा हललेला नाही. लेव्हलच्या नळीने नऊही खांब तपासले, एप्रिलमधला उतार तसाच आहे. सहा मिलिमीटरच्या फटी आता चार मिलिमीटरवर आल्या आहेत आणि त्यांतून पाणी पडता पडता खाली जाते. तीन मिलिमीटरच्या फटी एकवर आल्या. त्यांत कडुनिंबाची पाने आणि निंबोळ्यांचा गर अडकून चिखलाची वात तयार झाली आहे. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही तिथली फळी ओली होती आणि कडेने बुरशी धरली होती.

कच्च्या जवसाच्या तेलाचा पट्टा काळ्या ठिपक्यांनी भरला. ते तेल नीट सुकायला फार वेळ घेते आणि तोवर बुरशीचे खाद्य होते. उकळलेल्या तेलाच्या पट्ट्यावर ठिपके आहेत, पण तुरळक. कोरा पट्टा करडा होऊ लागला आहे. ही करडी छटा पाहून घरी येणारे जाणते लोकही लाकूड गेले असे म्हणतात. ते खरे नाही. ऊन वरच्या पातळ थरातला रंग काढते, आत पटाशीने खरवडले की सोनेरी लाकूड दिसते.

पॉलियुरेथेनचा थर उन्हाळ्यातच कडेने तडकला होता. आता पाणी थराखाली शिरून अडकले आहे आणि पाटीवर पांढरे फोड दिसतात. उघड्यावरच्या सागाला वरून कातडी चढवू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे. लाकूड हलते, थर हलत नाही, आणि थराची पहिली चीर पडल्यावर तोच पाणी धरून ठेवतो.

२७ ऑक्टोबर

दिवाळीपूर्वी सफाई केली. काळा डाग बुरशीचा की लोखंडाचा हे आधी ओळखावे लागते, कारण दोन्हींचा उपाय निराळा आहे. डागावर घरगुती ब्लीचचा एक थेंब टाकावा. काही मिनिटांत फिका झाला तर बुरशी, तसाच राहिला तर लोखंड. बुरशीचे पट्टे साबणाच्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने घासले. तारेचा ब्रश वापरू नये, त्याचे तुकडे लाकडात अडकून नवे डाग देतात. लोखंडाच्या डागांसाठी लिटरभर कोमट पाण्यात सुमारे पन्नास ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड विरघळवून लावले, वीस मिनिटांनी भरपूर पाण्याने धुतले आणि डाग बहुतेक गेले. हे ॲसिड विषारी आहे. मुलांपासून आणि जनावरांच्या पाण्यापासून दूर ठेवावे. ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीही येऊ देऊ नये, त्यातून क्लोरीन वायू निघतो. म्हणून ब्लीचच्या चाचणीनंतर ती जागा पूर्ण धुऊन दुसऱ्या दिवशी ॲसिड लावले.

ओसरीलगतच्या अरुंद फटींच्या फळ्या काढून, कडा रंधून, स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंनी पुन्हा बसवल्या. पॉलियुरेथेन खरवडणे हे सगळ्या कामातले सर्वांत कंटाळवाणे काम ठरले. लावायला लागलेल्या वेळाच्या अनेक पट वेळ काढायला गेला.

९ फेब्रुवारी २०२५

एका बाकाचा सांधा सुटला. सागातले तेल गोंदाला धरू देत नाही, आणि साध्या पांढऱ्या गोंदाने तर पावसाळ्यातच माघार घेतली होती. सांधा उघडून दोन्ही बाजू ॲसिटोनने पुसल्या, तेल पुन्हा वर येण्यापूर्वी लगेच इपॉक्सी लावले आणि सांध्यातून बाभळीची खुंटी आरपार ठोकली. आता गोंद सुटला तरी खुंटी सांधा धरून ठेवेल. मेजाच्या सांध्यांनाही तशाच खुंट्या मारल्या.

आजवरचा खर्च असा : चिरणे-रंधणे ९,५००, पाया १४,०००, स्क्रू ४,२००, सुतारकाम २४,००० आणि तेल, मेण, रसायने, पट्ट्या मिळून ३,३००; एकूण ५५,००० रुपये. लाकूड घरचे होते. ते विकत घ्यावे लागले असते तर एकटा त्याचाच खर्च या साऱ्याहून जास्त झाला असता.

२५ मे २०२५

यंदा मे महिन्यातच पाऊस आला आणि तेलाचा हात देण्यासाठी राखून ठेवलेले कोरडे दिवस हातचे गेले. ओलसर लाकडावर तेल दिले तर ते आत न शिरता वर चिकट राहते, म्हणून या वर्षी तेल वगळले आहे. ओट्याचे त्यात काही बिघडलेले नाही. तेल दिलेला पट्टा आणि कोरा पट्टा आज शेजारी शेजारी पटाशीने तपासले, दोन्ही सारखेच घट्ट आहेत. तेलाने रंग टिकतो आणि बारीक चिरा कमी पडतात, हे खरे. पण लाकूड टिकते ते खालून वारा खेळल्यामुळे आणि वर पाणी न थांबल्यामुळे. तेल द्यायचेच असेल तर यापुढे मार्चमध्ये, उन्हे कडक होण्यापूर्वी देणार आहे, म्हणजे मेची वाट पाहावी लागणार नाही.

देखभालीचे सध्याचे वेळापत्रक असे ठेवले आहे. निंबोळ्या पडण्याच्या काळात दर आठवड्याला फटींतून पातळ लाकडी पट्टी फिरवणे, पावसाळ्यात महिन्यातून एकदा खाली वाकून नऊही खांबांवर वाळवीचे बोगदे पाहणे, आणि दिवाळीपूर्वी साबणाच्या पाण्याने धुणे. आज पाहताना आडाच्या बाजूच्या खांबावर करंगळीएवढा बोगदा रबराच्या चकतीखाली येऊन थांबलेला दिसला. तो खरवडून काढला, जागा कोरडी केली आणि त्या बाजूला साचलेला पालापाचोळा उचलला. पुढच्या रविवारी तोच खांब पुन्हा पाहायचा आहे.